मुंबईतील जुनी गाडी: नेहमीचे बिघाड आणि सांभाळण्याचा खर्च (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

हे पान दहा-पंधरा वर्षे वयाची खासगी गाडी मुंबईत चालवणाऱ्यांसाठी आणि तशी गाडी सेकंड हँड घेऊ पाहणाऱ्यांसाठी आहे. उत्तरे मुख्यतः पेट्रोल व सीएनजीवरील लहान गाड्या डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. जेथे ‘साधारण’ म्हणून रुपयांचे आकडे दिले आहेत, ते लहान हॅचबॅकचे आणि कंपनीबाहेरच्या बऱ्यापैकी गॅरेजचे समजावेत. मोठ्या गाडीला किंवा कंपनीच्या वर्कशॉपमध्ये ते सहज दीडपट-दुप्पट होतात.

गाडी बारा वर्षांची आहे, पण फक्त ६० हजार किलोमीटर चालली आहे. मग काळजीचे कारण काय?

मीटरवरचा आकडा खरा आहे असे धरले, तरी मुंबईत तो अर्धीच हकिकत सांगतो. ६० हजार किलोमीटर ताशी ५० च्या सरासरीने महामार्गावर झाले असतील, तर इंजिन १,२०० तास चालले. तेच अंतर दादर-अंधेरी किंवा सायन-घाटकोपरच्या गर्दीत ताशी १८ च्या सरासरीने कापले असेल, तर ते ३,३०० तासांहून अधिक फिरले आहे, आणि त्यातला बराच काळ पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, एसी चालू ठेवून. क्लच, ब्रेक, रेडिएटरचा पंखा, एसीचा कॉम्प्रेसर आणि इंजिनाखालची रबरी माउंटिंग हे भाग तासांच्या आणि थांबण्या-निघण्याच्या हिशेबाने झिजतात. दुसरीकडे होस पाइप, ऑइल सील, टायर, ब्रेक ऑइल आणि कुलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) या गोष्टी गाडी नुसती उभी असली तरी जुन्या होतच राहतात. म्हणून मुंबईतल्या गाडीबद्दल मी पहिला प्रश्न किलोमीटरचा विचारत नाही. तिने किती पावसाळे उघड्यावर काढले आणि ती रोज कोणत्या रस्त्याने ये-जा करत होती, हे विचारतो.

राहिला आकड्याच्या खरेपणाचा मुद्दा. डिजिटल मीटरही मागे फिरवता येतो, त्यामुळे सर्व्हिसच्या जुन्या पावत्यांवरील किलोमीटर क्रमाने वाढत गेले आहेत का, हे पाहावे. पावत्या नसतील तर ब्रेक आणि क्लचच्या पॅडलवरचे रबर, स्टीअरिंगचा वरचा भाग आणि ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड पाहावी. पॅडलच्या रबरावरच्या रेघा पुसून ते गुळगुळीत झालेले असेल आणि मीटर ३५ हजार दाखवत असेल, तर मीटरपेक्षा पॅडलवर विश्वास ठेवावा.

गाडी पाहायला गेल्यावर स्वतः काय तपासता येते?

सकाळी जावे आणि आपण येईपर्यंत गाडी सुरू करू नये, असे मालकाला आदल्या दिवशीच सांगून ठेवावे. पोहोचल्यावर आधी बोनेटवर हात ठेवावा. तो कोमट लागला, तर गाडी आपल्यासाठी ‘तयार’ करून ठेवली आहे असे समजून दुसऱ्या दिवशी यायला हरकत नाही, कारण जुन्या इंजिनाची बहुतेक दुखणी थंड असतानाच बोलतात. इंजिन थंड असताना ऑइल भरायचे झाकण उघडून आतल्या बाजूला पाहावे. तेथे दुधाळ, पिवळसर साका जमला असेल तर ऑइलमध्ये पाणी शिरत असण्याची शक्यता असते. अगदी जवळच्या फेऱ्या करणाऱ्या गाडीत पावसाळ्यात असा थोडा ओशट थर नुसत्या दमटपणानेही येतो, म्हणून डिपस्टिक काढून ऑइलही पाहावे आणि कुलंटच्या बाटलीत तेलाचा तवंग आहे का, तेही तपासावे. तिन्ही ठिकाणी खूण सापडली, तर हेड गॅस्केटचे (इंजिनाच्या वरच्या आणि खालच्या भागांमधल्या सीलचे) काम निघणार हे जवळजवळ नक्की आणि तो सौदा सोडून द्यावा.

त्यानंतर कोणाला तरी सायलेन्सरच्या मागे उभे करून गाडी सुरू करावी. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे; काळा धूर म्हणजे इंधन जास्त जाते आहे; पांढरा, दाट आणि इंजिन गरम झाल्यावरही न थांबणारा धूर म्हणजे कुलंट जळत असण्याची शंका. थंड सकाळी सुरुवातीला निघणारी पातळ वाफ मात्र निरुपद्रवी असते.

चालवून पाहण्यासाठी विक्रेता बहुधा गुळगुळीत, मोकळा रस्ता सुचवतो. आपण पेव्हर ब्लॉकच्या गल्लीतून, स्पीडब्रेकरवरून आणि एखाद्या उड्डाणपुलाच्या चढावरून गाडी न्यावी. खिडक्या उघड्या, म्युझिक सिस्टीम बंद. हे सर्व करूनही ओळखीच्या मेकॅनिकला हजार-दोन हजार रुपये देऊन गाडी लिफ्टवर चढवून दाखवणे सोडू नये.

पुराच्या पाण्यात बुडालेली गाडी कशी ओळखावी?

मुंबईत हा प्रश्न कधीच जुना होत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा पाण्याखाली गेलेल्या कितीतरी गाड्या पुढे धुऊन-पुसून विकल्या गेल्या. त्या आता बहुतेक संपल्या. पण त्यानंतर २९ ऑगस्ट २०१७ चा पूर झाला, आणि हिंदमाता, किंग्ज सर्कल, मिलन सबवे, अंधेरी सबवे ही पाणी तुंबण्याच्या ठिकाणांची नावे दर पावसाळ्यात ऐकू येतातच.

विक्रीपूर्वी सीट कव्हर, मॅटिंग आणि अत्तराची बाटली बदलली जाते. सीट बेल्ट सहसा कोणी बदलत नाही. म्हणून चारही बेल्ट शेवटपर्यंत ओढून बाहेर काढावेत. शेवटचा हात-दीड हात पट्टा एरवी कधी उलगडत नाही, त्यामुळे तेथे मातकट डाग, पाण्याची रेघ किंवा कुबट वास सापडला तर पुढे फार शोधायची गरज नाही. त्याखेरीज सीटच्या खालचे रूळ आणि बोल्ट, डिकीतल्या स्टेपनीखालचा खड्डा, डॅशबोर्डखालच्या फ्यूज बॉक्समधली माती आणि हेडलाइटच्या आतला धूसरपणा तपासावा. पूर्ण बुडालेल्या गाडीचे इंजिन खोलून नीट करता येते. तिच्या वायरिंगला आणि जोडण्यांना आतून लागलेला गंज मात्र पुढची तीन-चार वर्षे एकेक बिघाड काढत राहतो. स्वस्तात मिळाली तरी अशी गाडी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली तर काय करावे?

पुन्हा सेल मारू नये. हवा खेचण्याच्या मार्गाने पाणी सिलिंडरमध्ये गेलेले असेल, तर ते दाबले जात नाही आणि पिस्टन वर येताना कनेक्टिंग रॉड वाकतो. तेथून पुढे इंजिन उतरवण्याशिवाय गत्यंतर नसते. चावी काढून, गाडी न्यूट्रलमध्ये ढकलून उंचवट्यावर घ्यावी, शक्य असल्यास बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवावी आणि टोचन करून गॅरेजला न्यावी. विमा कंपन्या पाण्यात सेल मारल्याने झालेले इंजिनाचे नुकसान नेहमीच्या पॉलिसीत सहसा धरत नाहीत, आणि त्यासाठीचे इंजिन संरक्षणाचे जादा कवच फार जुन्या गाड्यांना बहुतेक ठिकाणी मिळत नाही.

सिग्नलला थांबल्यावर गाडी गरम होते, चालू लागली की काटा खाली येतो. असे का?

चालत्या गाडीला समोरून वारा मिळतो, थांबलेल्या गाडीला फक्त पंख्याचा आधार असतो. म्हणून या लक्षणात पहिला संशय रेडिएटरच्या पंख्यावर, त्याच्या मोटरवर, रिलेवर किंवा सेन्सरवर घ्यावा. दुसरा संशय आतून गाळाने भरलेल्या किंवा बाहेरून धुळीने बुजलेल्या रेडिएटरवर. वेग असतानाही गाडी गरम होत असेल, तर वॉटर पंप, थर्मोस्टॅट (तापमानानुसार कुलंटची वाट उघडणारी झडप), गळती आणि शेवटी हेड गॅस्केट या क्रमाने तपास करावा.

येथे एका जुन्या सवयीबद्दल बोलायला हवे. गाडी गरम झाली की थर्मोस्टॅट काढून फेकून देण्याचा ‘उपाय’ अनेक गॅरेजांत अजूनही केला जातो, कारण त्याने काटा त्या दिवसापुरता खाली येतो. पण थर्मोस्टॅटविना इंजिन योग्य तापमानाला पोहोचायला फार वेळ घेते किंवा पोहोचतच नाही. तोवर गाडीतला संगणक त्याला थंड समजून जास्त पेट्रोल देत राहतो, ॲव्हरेज घसरते आणि आत काजळी साठते. सेकंड हँड गाडी घेतल्यावर थर्मोस्टॅट जागेवर आहे ना, हे मुद्दाम विचारावे. तसेच रेडिएटरमध्ये नळाचे पाणी भरत राहू नये. कुलंट गंज आणि क्षार रोखतो आणि उकळबिंदूही वाढवतो. काटा लाल रेषेकडे गेला की एसी बंद करावा, हीटर पूर्ण उघडावा, गाडी बाजूला घ्यावी आणि रेडिएटरचे झाकण गरम असताना कदापि उघडू नये.

क्लच किती टिकतो?

तो गाडीपेक्षा चालवणाऱ्यावर अवलंबून असतो. एकाच मॉडेलचा क्लच कोणाकडे ४० हजार किलोमीटरला संपतो, तर कोणाकडे लाखापर्यंत जातो. चढावर ब्रेकऐवजी हाफ क्लचवर गाडी धरून ठेवण्याची सवय हे त्याचे मुख्य कारण. हँडब्रेक पक्का लावून, दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सावकाश सोडला तर इंजिन लगेच बंद पडले पाहिजे; ते फिरतच राहिले तर क्लच घसरतो आहे. बदलताना क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग हा पूर्ण संच टाकावा, कारण मजुरी गिअरबॉक्स उतरवण्याची असते आणि एकट्या बेअरिंगसाठी ती दुसऱ्यांदा देण्यात अर्थ नाही. साधारण ७ ते १० हजार रुपये धरावेत.

खड्ड्यांतून जाताना पुढून खडखड येते. शॉकअप बदलावे का?

लगेच नाही. लहान खड्ड्यावर येणारा सुटा, हलका खडखडाट बहुधा लिंक रॉडचा किंवा स्टॅबिलायझरच्या बुशचा (रबरी कड्याचा) असतो, आणि त्या स्वस्त वस्तू आहेत. जड ठोका लोअर आर्मच्या बुशचा किंवा बॉल जॉइंटचा असू शकतो. बॉल जॉइंट मात्र पुढे ढकलण्याचे काम नव्हे, कारण तो निखळला तर चाकच आडवे होते. शॉकअपमधून तेल गळत असेल किंवा एका स्पीडब्रेकरनंतर गाडी दोन-तीनदा हेलकावत असेल तरच ते बदलावेत, आणि तेव्हाही जोडीनेच. काम झाल्यावर अलाइनमेंट केली नाही, तर नवे टायर एका कडेने खाल्ले जातात.

टायरच्या बाजूवर चार अंकी आकडा असतो: ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. नक्षी भरपूर दिसत असली तरी सहा वर्षांपुढच्या टायरचे रबर कडक होते आणि ओल्या रस्त्यावरची पकड जाते. नक्षीची किमान खोली १.६ मिलिमीटर असावी लागते. पावसाळ्याच्या तोंडावर मी तेवढ्यावर समाधान मानणार नाही.

समुद्राजवळ राहतो. गंजाचे काय?

वरळी, वर्सोवा, माहीम, कफ परेड अशा भागांत उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीचे पत्रे खाऱ्या हवेने लवकर खाल्ले जातात. रंगाखालचे फुगवटे दिसतात ते शेवटी. आधी गंज दाराच्या खालच्या कडांत, रनिंग बोर्डच्या आत, चाकांच्या कमानींत आणि वायपरखालच्या पन्हाळीत बसतो. पन्हाळीत आणि दारांच्या तळाशी पाणी जाण्यासाठी बारीक भोके असतात, ती पाने आणि चिखलाने बुजतात. मे महिन्यात ती तारेने मोकळी करणे हा दहा मिनिटांचा आणि फुकटचा उपाय आहे. पावसाळ्यानंतर गाडीचा तळ खालून गोड्या पाण्याने धुऊन घ्यावा. गंजलेल्या तळावर, तो न खरवडता, वरून काळे कोटिंग मारून घेणे मात्र निरर्थक आहे. ओल आतच कोंडली जाते. गाडी घेताना तळाला ताजे, चकचकीत कोटिंग दिसले तर ते स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहावे.

एसीतून हवा येते, पण गार होत नाही. गॅस भरला की काम भागेल ना?

गॅस वापराने संपत नाही; तो कमी झाला याचा अर्थ कोठेतरी गळती आहे. गळती न शोधता दर उन्हाळ्यात गॅस भरून घेणे म्हणजे गळक्या बादलीत पाणी ओतणे. नेहमीची ठिकाणे म्हणजे समोरचा कंडेन्सर, पाइपांच्या जोडावरच्या रबरी रिंगा आणि डॅशबोर्डमागची कूलिंग कॉइल. कॉइल गेली असेल तर डॅशबोर्ड उतरवण्याची मजुरी सुट्या भागाइतकीच होऊ शकते. चालकाच्या शेजारच्या मॅटिंगखाली पाणी साचत असेल, तर बहुधा एसीची ड्रेन नळी तुंबलेली असते.

बॅटरी आणि वायरिंगमध्ये काय बिघडते?

बॅटरी साधारण तीन-चार वर्षे चालते, पण आठवडाभर उभी राहणारी आणि मग दोन किलोमीटर जाऊन येणारी गाडी तिला कधी पुरती चार्ज होऊ देत नाही. रात्रभर विश्रांतीनंतर १२.६ व्होल्टच्या आसपास आणि इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळाले पाहिजेत. दुसरा आकडा कमी असेल तर दोष अल्टरनेटरचा, आणि नवी बॅटरी घेऊन तो सुटणार नाही.

मुंबईतल्या सोसायट्यांत वायरिंगचा खरा शत्रू उंदीर आहे. कचराकुंडीजवळ किंवा नाल्याच्या भिंतीलगत उभ्या असलेल्या गाडीत तो आठवडाभरात इंजेक्टरच्या वायरी कुरतडतो. तंबाखूच्या पुड्या, डांबराच्या गोळ्या असे उपाय सांगितले जातात. त्यांचा गुण थोडे दिवस टिकतो. गाडी रोज हलवणे आणि जागा बदलणे अधिक उपयोगी पडते.

ई-२० पेट्रोलने जुन्या गाडीचे नुकसान होते का?

२० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आता पंपांवर सर्रास मिळते. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते, त्यामुळे ॲव्हरेज थोडे घटणे स्वाभाविक आहे. २०२३ पूर्वीच्या बहुतेक गाड्यांचे रबरी पाइप आणि सील या मिश्रणासाठी बनवलेले नाहीत. गाडी लगेच बंद पडत नाही, पण पेट्रोलचा वास येणे, पाइपांना तडे जाणे यांकडे लक्ष ठेवावे आणि इंधनाचे पाइप वेळेआधी बदलावेत. इथेनॉल हवेतली ओल शोषते, म्हणून पावसाळ्यात महिनोन् महिने गाडी अर्ध्या टाकीवर उभी ठेवू नये.

सीएनजी बसवलेली जुनी गाडी घ्यावी का?

आरसीवर सीएनजीची नोंद आहे का, हा पहिला प्रश्न. नोंद नसलेले किट बेकायदा ठरते आणि अपघातात विमा दावाही अडतो. दुसरा प्रश्न टाकीच्या हायड्रो टेस्टचा, म्हणजे पाण्याच्या दाबाने होणाऱ्या चाचणीचा: ती दर तीन वर्षांनी करावी लागते आणि तिची तारीख टाकीच्या पट्टीवर असते. सीएनजीवर स्पार्क प्लग आणि व्हॉल्व्ह सीट अधिक झिजतात. ताकद कमी वाटते म्हणून घाबरू नये, मात्र पेट्रोलवर चालवूनही गाडी पाहावी. पेट्रोलचा पंप आणि इंजेक्टर वर्षानुवर्षे न वापरल्याने अडकलेले असतात.

दिल्लीची दहा वर्षांची डिझेल गाडी फार स्वस्त मिळते आहे. घेऊ का?

ती स्वस्त आहे कारण दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर बंदीचे आदेश निघाले होते. मुंबईत आज तसा नियम नाही. मात्र २०२५ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने शहरातून पेट्रोल-डिझेल गाड्या टप्प्याटप्प्याने हटवण्याच्या शक्यतेचा अभ्यास करण्यास सांगितले आहे, हे डिझेल घेणाऱ्याने ध्यानात ठेवावे. त्याशिवाय परराज्यातील गाडीला तेथील आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र, येथे नवीन क्रमांक आणि महाराष्ट्राचा रस्ता कर लागतो. हे सारे किमतीत मिळवले की स्वस्ताई बरीचशी विरते. जुन्या डिझेलची इंजेक्टर, टर्बो आणि ईजीआरची (धुराचा काही भाग इंजिनात परत सोडणाऱ्या झडपेची) कामेही पेट्रोलच्या कामांपेक्षा महाग असतात, आणि ज्याचे वर्षाचे किलोमीटर दहा हजारांच्या आत आहेत त्याला डिझेलचा हिशेब कधीच जुळत नाही.

कागदपत्रांत कशाची खात्री करावी?

आरसीवरील नाव, इंजिन आणि चासी क्रमांक गाडीवर प्रत्यक्ष पडताळावेत. कर्जाचा बोजा असेल तर तो उतरवल्याची नोंद मागावी. प्रलंबित ई-चलने तपासावीत. मुंबईच्या गाडीवर एमएच-०१ (ताडदेव), ०२ (अंधेरी), ०३ (वडाळा) किंवा ४७ (बोरिवली) असा क्रमांक असतो. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवलेली आहे का, तेही पाहावे. कारसाठी तिचा दर ७४५ रुपये अधिक जीएसटी आहे.

नाव बदलण्याचे काम एजंटवर सोपवून विसरून जाऊ नये. फॉर्म २९ आणि ३० भरून, राज्यातल्या राज्यात विक्रेत्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. विकणाऱ्यासाठी हे अधिक महत्त्वाचे आहे, कारण सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालात स्पष्ट केल्याप्रमाणे अपघाताच्या भरपाईच्या संदर्भात ज्याचे नाव नोंदीवर आहे तोच मालक धरला जातो.

पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर गाडी बाद होते का?

नाही. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते; नंतर आरटीओत तपासणी करून, म्हणजे ज्याला सगळे ‘पासिंग’ म्हणतात ते करून, ती पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. मुदत संपण्याच्या साठ दिवस आधीपासून अर्ज करता येतो. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील कारचे नूतनीकरण शुल्क ५ हजार रुपये आहे, उशीर झाल्यास दरमहा ५०० रुपये दंड लागतो आणि महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा भरावा लागतो. वीस वर्षांवरील कारसाठी २०२५ मध्ये हे शुल्क १० हजार झाले. मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींना वीस वर्षांची कमाल मर्यादा आहे. खासगी गाडीला तशी मर्यादा नाही. पीयूसी बीएस-४ या प्रदूषण मानकाच्या आणि त्यापुढील गाड्यांना वर्षाचे, त्याआधीच्या गाड्यांना सहा महिन्यांचे मिळते.

जुन्या गाडीला पूर्ण विमा घ्यावा की फक्त थर्ड पार्टी?

थर्ड पार्टी कायद्याने सक्तीचा आहे. १ जून २०२२ पासूनचा त्याचा वार्षिक दर १,००० सीसीपर्यंत २,०९४, १,५०० सीसीपर्यंत ३,४१६ आणि त्यावर ७,८९७ रुपये, अधिक जीएसटी असा आहे. पूर्ण विम्यात जुन्या गाडीच्या रबर, प्लॅस्टिक, टायर व बॅटरीवर ५० टक्के घसारा कापला जातो, त्यामुळे बंपर फुटल्यावर हाती फारसे लागत नाही. तरीही गाडी चोरीला जाण्याची किंवा पाण्यात जाण्याची शक्यता असेल आणि तिची किंमत अडीच-तीन लाख असेल, तर पूर्ण विमा घ्यावा. लाखाच्या आत असेल तर थर्ड पार्टी आणि चालक-मालकाचा वैयक्तिक अपघात विमा पुरे. नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, माणसाचा असतो. विक्रेत्याचा बोनस आपल्याला मिळत नाही आणि आपण आपला नव्या गाडीवर नेऊ शकतो.

एकूण वर्षाला खर्च किती धरावा?

समजा, गाडी ३ लाखांना घेतली, चार वर्षांनी २ लाखांना विकली आणि वर्षाला ८ हजार किलोमीटर चालवली. मुंबईतल्या गर्दीत ११ चे ॲव्हरेज धरले, तर सुमारे ७२७ लिटर पेट्रोल लागते, म्हणजे आजच्या भावाने साधारण ७५ हजार रुपये. नियमित सर्व्हिसिंग ७ हजार. टायर-बॅटरीचा वर्षाला येणारा वाटा साडेचार हजार. विमा ६ हजार. घसारा २५ हजार. आणि अचानक निघणाऱ्या कामांसाठी २५ हजार. बेरीज १ लाख ४२ हजारांच्या वर जाते, म्हणजे किलोमीटरला जवळजवळ १८ रुपये. यात पार्किंग धरलेले नाही. सोसायटीत जागा नसेल आणि ती महिन्याने भाड्याने घ्यावी लागत असेल, तर काही भागांत एकटा तो आकडा दुरुस्तीला मागे टाकतो.

या हिशेबात दोन गोष्टी दिसतात. लोक दुरुस्तीला भितात, पण सर्वांत मोठा खर्च इंधनाचा आहे. म्हणून ॲव्हरेज खाणारे किरकोळ दोष, म्हणजे काढून टाकलेला थर्मोस्टॅट, अडकलेले ब्रेक, मळलेला एअर फिल्टर आणि कमी हवेचे टायर, आधी दूर करावेत. दुसरी गोष्ट वापराची. तीच गाडी वर्षाला ४ हजार किलोमीटरच चालली तर इंधन निम्मे होते, बाकी खर्च जवळपास तसाच राहतो आणि किलोमीटरचा दर २६ रुपयांवर जातो. फेब्रुवारी २०२५ पासून काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा दर किलोमीटरला २०.६६ रुपये आहे. फक्त रविवारसाठी गाडी ठेवणाऱ्याने हे दोन आकडे शेजारी मांडून पाहावेत. नंतर हौसेला किंवा घरातल्या वृद्धांच्या सोयीला किंमत असते असे त्याने म्हटले, तर ते मला मान्य आहे.

घेतल्याबरोबर कोणती कामे करून घ्यावीत?

आधीच्या मालकाने काय सांगितले ते बाजूला ठेवून इंजिन ऑइल, सर्व फिल्टर, कुलंट आणि ब्रेक ऑइल बदलावे. ब्रेक ऑइल ओल शोषते आणि दर दोन वर्षांनी बदलायचे असते, हे फार थोड्या गाड्यांत पाळलेले दिसते. इंजिनात टायमिंग बेल्ट असेल आणि तो कधी बदलला याची पावती नसेल, तर तो टेन्शनरसह बदलावा. तुटलेला बेल्ट व्हॉल्व्ह वाकवू शकतो. चेन असेल तर सकाळी सुरू करताना काही सेकंद येणारा किणकिणाट ऐकावा. किमतीत सौदा करताना या कामांसाठी २० ते २५ हजार रुपये वेगळे धरूनच आकडा बोलावा.

कंपनीचे वर्कशॉप, की गल्लीतला मेकॅनिक? आणि सुटे भाग कोठून घ्यावेत?

एअरबॅग, एबीएस आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची कामे कंपनीत. ब्रेक, क्लच, सस्पेन्शन आणि ऑइल ही कामे ज्याच्याकडे त्याच मॉडेलच्या गाड्या रोज येतात अशा मेकॅनिककडे. भाग शक्यतो स्वतः खरेदी करावेत. ऑपेरा हाऊसच्या परिसरातील दुकानांत नवे, तर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुने भाग मिळतात. जुने घ्यायचे तर दार, आरसा, हेडलाइट, काच, सीट घ्यावे. ब्रेक, स्टीअरिंग, बेल्ट आणि बेअरिंग कधीही जुने घेऊ नये. बदललेला भाग परत मागावा आणि नव्याच्या खोक्यावरील भाग क्रमांकाचा फोटो बिलासोबत ठेवावा. पुढच्या खरेदीदाराला तोच पुरावा लागतो.

दुरुस्ती थांबवून गाडी काढून टाकावी, हे कसे ठरवावे?

वर्षभरातल्या मोठ्या कामांची बेरीज गाडीच्या बाजारभावाच्या निम्म्याजवळ गेली की विचार सुरू करावा. मात्र क्लच आणि टायर नुकतेच झाले असतील, तर तो खर्च आधीच होऊन गेला आहे आणि पुढची दोन वर्षे शांत जाण्याची शक्यता असते. ढाच्यात, म्हणजे सस्पेन्शन जेथे बसते तेथे, गंज पोहोचला असेल तर मात्र आकडेमोड करू नये. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान नव्या गाड्यांवरील जीएसटी २८ वरून १८ टक्के झाल्याने जुन्या गाड्यांचे भावही दबले आहेत. दोन वर्षांपूर्वी शेजाऱ्याला मिळालेली किंमत मनात धरून बसू नये.

भंगारात द्यायची झाल्यास ती नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्राकडेच द्यावी आणि ठेव प्रमाणपत्र घ्यावे. त्यावर नव्या गाडीच्या करात सवलत मिळते. नोंदणी रद्द झाल्याची आरटीओची नोंद ऑनलाइन दिसेपर्यंत कागदपत्रांच्या प्रती जपून ठेवाव्यात, फास्टॅग बंद करावा आणि विम्याची उरलेली मुदत रद्द करून परतावा मागावा.